घरबसल्या इतिहासाची एम. ए.

दिवसभराचे काम उरकून, रात्रीची जेवणे झाल्यावर, घरातील मंडळी निजानीज करीत असता एखादा प्रौढ गृहस्थ किंवा एखादी गृहिणी इतिहासाचे पुस्तक उघडून बसते, हे दृश्य आता दुर्मिळ राहिलेले नाही. नोकरी किंवा संसार सांभाळून एम. ए. होण्याची सोय आज झालेली आहे. तथापि ही सोय म्हणजे नेमके काय, आणि तिच्यासाठी किती वेळ मोजावा लागतो, याचा हिशेब मात्र फार थोडे लोक आधी करतात.

ही कल्पना अगदी नवी नव्हे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच संलग्न महाविद्यालयांत न शिकलेल्या उमेदवारांस आपल्या परीक्षा खुल्या केल्या. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाने किंवा ऑनलाईन घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची होय, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणूनच प्रवेशापूर्वी त्या अभ्यासक्रमाची मान्यता पाहून घेणे हे पहिले कर्तव्य.

इंदिरा गांधी विद्यापीठाच्या इतिहासाच्या एम. ए. चेच उदाहरण घ्यावे. ती किमान दोन वर्षांत आणि कमाल चार वर्षांत पुरी करता येते. एकूण श्रेयांक ६४. एका श्रेयांकास वाचन, लेखन, चिंतन मिळून ३० तास धरलेले आहेत. म्हणजे झाले १९२० तास! दोन वर्षांत आटोपावयाचे तर रोज सुमारे दोन तास चाळीस मिनिटे हवीत, आणि चार वर्षांत करावयाचे तर रोज एक तास वीस मिनिटे.

आता गंमत पाहा. आठ श्रेयांकांचा एक विषय म्हणजे २४० तास. रोज एक तास वीस मिनिटांप्रमाणे तो बरोबर सहा महिन्यांत होतो. परीक्षाही जून आणि डिसेंबर अशा सहामाही असतात. असे आठ विषय म्हणजे चार वर्षे. गणित चोख जुळले खरे, परंतु त्यात आजारपणास, लग्नकार्यास किंवा बदलीस एक दिवसही शिल्लक उरला नाही. चार वर्षे आहेत म्हणून निश्चिंत राहणारा विद्यार्थी पहिली सहामाही घालवून बसतो, आणि पुढे एका सहामाहीत दोन विषयांचे ओझे त्याच्या डोक्यावर पडते. शहाण्याने मनाशी तीन वर्षांचीच मुदत धरावी. रोज पावणेदोन तास दिले की चौथे वर्ष अडीअडचणींसाठी मोकळे राहते. आपल्या गतीने शिकणे याचा अर्थ आपली गती आपणच आखणे, असा आहे.

अभ्यासाची साधने आता हाताशी आहेत. विद्यापीठाची पाठ्यपुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचे कागद ‘अभिलेख पटल’ येथे पाहता येतात. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी एकेका दप्तरासाठी गावोगाव पायपीट केली. ज्यांस त्यांतले पुष्कळसे घरी बसून मिळते, त्यांनी निदान ते उघडून पाहण्याचा आळस करू नये.

परंतु एक गोष्ट यंत्राने मिळत नाही; ती म्हणजे सोबती. वर्गात एकाने विधान केले की दुसरा पुरावा मागतो, आणि त्या झटापटीतच इतिहासाचे शिक्षण होते. बखर आणि समकालीन पत्र यांत विरोध आला, तर कोणावर विश्वास ठेवावा, आणि का? हा प्रश्न एकट्याने वाचताना मनात उठतच नाही. यावर उपाय म्हणजे लेखन. प्रत्येक प्रकरण संपताच पुस्तक मिटावे, आपल्या मराठीत एक पानभर सारांश लिहावा, आणि लेखकाने कोणता पुरावा दिला व कोणता दिला नाही, ते खाली नोंदवावे. पाठ्यपुस्तके इंग्रजीत किंवा हिंदीत असल्याने या मराठी टिपणाचा दुहेरी उपयोग होतो. समजले किती आणि नुसते पाठ झाले किती, हे तात्काळ कळते. घरी लिहावयाच्या स्वाध्यायांस तीस टक्के वजन असते, उरलेले सत्तर टक्के परीक्षेचे. ते स्वाध्याय उतरवून काढणारा विद्यार्थी तीस टक्क्यांच्या लोभाने सत्तर टक्क्यांची तयारी गमावतो.

शेवटी, हा अभ्यास एकट्या विद्यार्थ्याचा नसतो. रोजचे पावणेदोन तास घरातील कोणाच्या तरी वेळातून येतात. ते कोणाच्या वाट्यातून घ्यावयाचे, हे प्रवेशापूर्वीच घरच्या माणसांबरोबर बसून ठरवावे. ज्या घरात गृहिणीच्या पुस्तकासाठी कोणी आपण होऊन चुलीपाशी उभा राहतो, त्या घरात पदवी येण्यापूर्वीच विद्या आलेली असते.