कव्हरवर नसलेला बँड

एक गंमत करून बघा. फोनवर ‘बेल अँड सबॅस्टियन’ टाइप करा आणि गाणं न लावता नुसते त्यांचे जुने अल्बम सरकवत जा. एक पूर्ण लाल, एक पूर्ण हिरवा. प्रत्येक कव्हरवर एखादा साधा फोटो आणि त्यावर एकाच रंगाची छटा. गिटार नाही, स्टेज नाही, गॉगल लावून भिंतीला टेकलेली पोरं नाहीत. कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं दिसत असलं तरी कळतं, हे सगळे एकाच घरातले!

आणि एकही सूर न ऐकता तुम्ही मत बनवलेलं असतं. ही मंडळी लाजाळू असणार, पुस्तकं वाचणारी असणार, पार्टीत कोपऱ्यात उभी राहणारी असणार. हो ना?

ही प्रतिमा कुठल्या महागड्या एजन्सीने घडवलेली नाही. तिची सुरुवात झाली चक्क एका कॉलेजात. ग्लासगोच्या स्टो कॉलेजमध्ये म्युझिक बिझनेस शिकणारी मुलं ‘इलेक्ट्रिक हनी’ नावाचं स्वतःचं लेबल चालवायची आणि दरवर्षी एखाद्या बँडचं सिंगल काढायची. १९९६ मध्ये त्यांनी या नव्या बँडला घेतलं, तर यांच्याकडे गाणी अख्ख्या अल्बमभर निघाली. ‘टायगरमिल्क’च्या फक्त १००० रेकॉर्ड्स छापल्या गेल्या. कव्हरचा फोटो बँडचा गायक स्टुअर्ट मर्डॉक यानेच काढला होता. एक तरुणी खेळण्यातल्या वाघाला अंगावर पाजतेय! (आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणतात, ते वेगळं.)

त्याच वर्षी ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ आला. तो लाल अल्बम. कव्हरवर एक मुलगी स्वतःच्याच विचारात हरवलेली आणि शेजारी काफ्काचं ‘द ट्रायल’. त्या एका पुस्तकाने जे सांगितलंय, ते सांगायला बँडला दहा मुलाखती द्याव्या लागल्या असत्या. पण सुरुवातीला ते मुलाखतीही फारशा देत नसत. त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या हातात उरायचं ते कव्हरच.

कल्पना कोरी नव्हती, हेही सांगायला हवं. मँचेस्टरच्या ‘द स्मिथ्स’ने दहा-बारा वर्षं आधी हेच केलं होतं. स्वतःचे चेहरे बाजूला ठेवून जुन्या सिनेमांमधली आणि फोटोंमधली माणसं एका रंगात छापायची. १९८६ च्या ‘द क्वीन इज डेड’वर तर फ्रेंच नट आलाँ देलाँ आडवा पडलाय. फरक एवढाच, की स्मिथ्सने पडद्यावरचे तारे उचलले आणि मर्डॉकने ओळखीपाळखीची माणसं कॅमेऱ्यासमोर बसवली. म्हणून स्मिथ्सची कव्हरं बघून रुबाब जाणवतो, आणि यांची बघून वाटतं, अरे, ही तर आपल्याच वर्गातली मुलगी. मला विचाराल तर दुसरी युक्ती जास्त धाडसी आहे.

पण याची किंमतही मोजावी लागली. हळवा, गोडगोड, नाजूक बँड असा शिक्का बसला तो बसलाच. खरंतर गाणी नीट ऐकलीत तर त्यात आजारपण आहे, श्रद्धेवरची खोचक थट्टा आहे, शाळेतला छळ आहे, सेक्सबद्दल बिनधास्त बोलणंही आहे. कव्हर बघून गोडवा शोधत आलेल्यांना हे कधीकधी ऐकूच येत नाही, आणि ज्यांना हे आवडलं असतं ते कव्हर बघूनच पुढे सरकतात. २००३ मध्ये ट्रेव्हर हॉर्नसारखा चकचकीत पॉप करणारा निर्माता घेऊन त्यांनी ‘डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस’ केला, आवाज खुलला, मोठा झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही.

तुमच्या ग्रुपचं पहिलं गाणं अपलोड व्हायचं असेल, तर कव्हरचं काम बहुतेक शेवटच्या रात्री साडेअकराला कुणाच्या तरी गळ्यात पडणार. तो रेडीमेड टेम्पलेट उघडेल, निऑन अक्षरं टाकेल, मागे धूर. तेव्हा त्याला एवढंच विचारा, की दुसऱ्या गाण्याला काय लावणार आहेस? आणि पाचव्याला?

‘टायगरमिल्क’ १९९९ मध्ये पुन्हा बाजारात आला. तोवर बँडला ब्रिट अवॉर्ड्समध्ये नवोदितांचा पुरस्कार मिळाला होता, तोही तीन अल्बम झाल्यावर! नवं कव्हर करायला हरकत नव्हती. पण मुलगी तीच, वाघही तोच.