भाडें देऊन उरतें किती?

मिळकतीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भाडें देऊं नये, असा उपदेश नव्या बिऱ्हाडकरूस वडील मंडळी करीत आली आहेत. या हिशेबाचा इतिहास मोठा आहे. १८६८ सालीं बर्लिनचे संख्याशास्त्रज्ञ हेर्मान श्वाबे यांस, कुटुंब जितकें गरीब तितका त्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा भाड्यांत जातो, असें आढळून आलें. अमेरिकेंत १९६९ च्या कायद्यानें सरकारी घरांतील भाड्यास मिळकतीच्या शेंकडा २५ ची मर्यादा घातली. १९८१ सालीं ती ३० वर गेली. आज पुष्कळ ठिकाणीं हाच आंकडा ‘परवडणाऱ्या’ घराचें माप मानला जातो.

आमच्या मतें हें माप सोयीचें आहे, न्यायाचें नाहीं. समजा, एका गृहस्थाची मासिक मिळकत १ लक्ष रुपये व दुसऱ्याची १५ हजार. दोघेही शेंकडा ३० भाडें देतात. पहिल्यापाशीं ७० हजार उरतात, दुसऱ्यापाशीं १०,५००. पांच माणसांचें धान्य, तेल, औषधपाणी, मुलांच्या वह्या आणि रेल्वेचा पास एवढ्यांत कसा बसवावा? तक्त्यांत मात्र दोघेही सारखेच सुखी!

हें ओळखून मायकेल स्टोन या अमेरिकन अभ्यासकानें हिशेब उलटा मांडला. कुटुंबांतील माणसें पाहून अन्नवस्त्रादि गरजांचा खर्च आधीं काढावा. तो वजा जातां जें उरेल, तेवढेंच भाडें त्यास झेपणारें समजावें. कित्येकांच्या बाबतींत ही बाकी शून्यावर येते. प्रत्यक्षांत क्रम याच्या विरुद्ध असतो. वाण्याकडे उधारी चालते, दूध पावशेर कमी घेतां येतें. घरमालक मात्र थांबत नाहीं. म्हणून भाडें वेळेवर चुकतें झालेलें दिसलें तरी त्याची किंमत मुलांच्या ताटांतून वसूल झालेली असते, आणि नुसत्या भाड्याच्या पाहणींत ती उमटत नाहीं. आपल्या घरीं धुणेंभांड्यास येणाऱ्या बाईंचें वेतन आपण ठरवितों. त्यांच्या खोलीचें भाडें किती, हें आपणांपैकीं कितीजणांस ठाऊक असेल?

मुंबईचा जुना अनुभव याच गोष्टीची साक्ष देतो. १९२१-२२ च्या सरकारी पाहणींत तेथील कामकरी कुटुंबांपैकीं शेंकडा ९७ एकाच खोलींत राहत असल्याचें दिसलें. त्याच सुमारास डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. मूळ बेत ५० हजार खोल्यांचा. झाल्या सुमारें १६ हजार. खोली १६० चौरस फुटांची, भिंती पक्क्या. तरीहि गिरणगांवांत माणसें दाटीवाटीनें राहत असतांना वरळीच्या पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षें रिकाम्या राहिल्या! भाडें मजुरीच्या मानानें जड, आणि गिरणी दूर. जाण्यायेण्याचा खर्च व वेळ भाड्यांतच धरावा लागे. खोल्यांची गरज अधिकाऱ्यांनीं मोजली, पण भाडेकऱ्याची शिल्लक मोजली नाहीं.

२०११ च्या खानेसुमारींत भारताच्या शहरांतून सुमारें १ कोटि १० लक्ष घरें रिकामीं आढळलीं. त्यांपैकीं किती घरें वरच्या दुसऱ्या गृहस्थास परवडतील, हें पाहावयाचें तर घरांच्या यादीशेजारीं त्याच्या वाण्याची वहीहि उघडावी लागेल.