मृगाआधीच जाम बोल्ट सोडवून ठेवा



गेल्या हंगामानंतर अवजारं शेडमध्ये ढकलली ती अजून उघडलीच नाहीत, असे आपल्यात बरेच जण आहेत. मीही त्यातलाच होतो. दोन वर्षांमागे ऐन पेरणीच्या तोंडावर रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचं झाकण उघडायला बसलो. एक बोल्ट हलेना. पान्याला पाईप अडकवून सगळा जोर लावला, तर डोकं तुटून हातात आलं आणि अर्धा बोल्ट बिडाच्या आत राहिला. लेथवाल्याकडे आधीच रांग. दोन दिवस गेले आणि वापसाही गेला. बोल्टची किंमत सांगायची लाज वाटते.

म्हणून हा मेसेज आत्ता पाठवतोय. जाम बोल्टला ताकदीपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि तो वेळ आत्ता आपल्याकडे आहे.

*आधी सुरक्षा:* ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ सुटा. अवजार नुसतं हायड्रॉलिकवर उचलून खाली हात घालू नका, लाकडी ओंडके लावा.

*खतपेटीच्या बोल्टला आधी पाणी*
खत-बी पेरणी यंत्राचे बोल्ट नुसत्या गंजाने जाम होत नाहीत. युरिया, पोटॅश, मिश्रखत हवेतला ओलावा ओढतं आणि आट्यांत दगडासारखं बसतं. हे खत डिझेलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून तिथे आधी गरम पाणी ओता, ब्रशने घासा, पुन्हा ओता. यंत्र उन्हात पूर्ण वाळू द्या आणि मगच तेल सोडा. बरेच जण थेट डिझेल ओततात आणि काही होत नाही म्हणून पाईप शोधतात.

*तेल आणि थांबणं*
बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर नट थोडा सुटून पुन्हा तिथेच अडकेल. मग गंज सोडवणारा स्प्रे मारा. तो नसेल तर डिझेलही चालतं, फक्त हळू काम करतं. संध्याकाळी मारा, सकाळी परत मारा. मधे हातोडीने बोल्टच्या डोक्यावर सरळ, हलके ठोके द्या. त्या हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत शिरतं. दोन-तीन दिवस असं केलं की बरेचसे बोल्ट साध्या पान्याने सुटतात.

सोडवताना आधी किंचित *आवळायच्या* बाजूला हलवा, मग सोडायच्या. जरा हलला की पुढे-मागे, पुढे-मागे करत न्या, तेल टाकत राहा. एका दमात काढायला गेलात की आटे खरवडतात.

पाना बरोबर मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना घ्या. सहा कोनांचा असेल तर उत्तम. स्क्रू पाना जाम बोल्टला लावूच नका, कोपरे गोल होतात. आणि जोर लावण्याआधी आटे उलटे तर नाहीत ना ते बघा. ट्रॅक्टरच्या टॉप लिंकला एका बाजूला उलटे आटे असतात. तिथे आपण सोडतोय म्हणून आवळत बसणारे मी पाहिलेत.

*गरम करणं*
तरीही हलला नाही तर नट गरम करायचा, बोल्ट नाही. नट तापला की त्याचं भोक फुगतं. १६ मि.मी.च्या नटाचं भोक बोल्टपेक्षा ३०० अंशांनी जास्त तापलं तर साधारण ०.०६ मि.मी.ने वाढतं, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढं, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. डिझेल-स्प्रे मारलेला असेल तर आधी पूर्ण पुसून घ्या, नाहीतर भडका उडेल. तापलेल्या नटावर स्प्रे मारू नका. ऑइल सील, बेअरिंग, रबरी नळी, डिझेल टाकी जवळ असेल तर गॅसचा विचार सोडा. आणि तापवलेला नट-बोल्ट परत बसवू नका, त्याची ताकद गेलेली असते.

*डोकं गोल झालं किंवा तुटलं तर*
उघड्यावरचा बोल्ट असेल, उदा. फणाच्या क्लॅम्पचा, तर वेळ घालवू नका. ग्राइंडरने कापा आणि नवीन घाला. चष्मा मात्र लावा. बोल्ट स्वस्त आहे, बीड महाग आहे, एवढं डोक्यात ठेवलं की कुठे कापायचं नि कुठे धीर धरायचा ते कळतं.

बिडात तुटला आणि थोडा वर राहिला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करा. उष्णतेने पकडही सुटते आणि पाना लावायला जागाही मिळते. वेल्डिंग ट्रॅक्टरवर असताना करायचं तर बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा त्याच भागाला, अगदी जवळ लावा. पार आत तुटला असेल तर लेथवाल्याकडेच न्या. घरी वाकडं ड्रिल मारलं की त्याचंही काम अवघड होतं.

*आटे गेले असतील तर*
बोल्ट गरागरा फिरतो पण आवळत नाही, म्हणजे आटे गेले. नुसते दबले असतील तर त्याच मापाचा टॅप तेल लावून फिरवा: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पूर्ण गेले असतील तर एक माप वरचे आटे पाडायचे. १० चे गेले तर १२ चे, त्यासाठी ड्रिल १०.२ मि.मी.चं. पण भोकाच्या कडेला पुरेसं बीड हवं. नसेल तर जुन्याच मापाचा स्प्रिंगसारखा इन्सर्ट बसतो. आट्यांवर सुतळी, एम-सील गुंडाळून हंगाम काढायचा प्रकार पाण्याच्या पाईपपर्यंत ठीक. फिरणाऱ्या भागावर तो जीवावर बेतेल.

*परत बसवताना*
बोल्टच्या डोक्यावरचा आकडा बघा. ८.८ किंवा १०.९ असेल तर नवीनही तसाच आणा. रोटाव्हेटरच्या पात्यांना साधा बोल्ट लावू नका. याच्या उलट पीटीओ शाफ्टचा शिअर बोल्ट मुद्दाम कमजोर असतो. तो सारखा तुटतो म्हणून कडक बोल्ट घातलात तर पुढच्या वेळी गिअर तुटेल.

जुन्या यंत्रांत इंची आटे असतात. पहिले तीन-चार फेरे बोटांनी फिरले पाहिजेत. अडकलं तर माप चुकलंय, पाना लावू नका. आट्यांना थोडं ग्रीस लावा, पण मग नेहमीपेक्षा हात हलका ठेवा, कारण ग्रीस लावलेला बोल्ट त्याच जोरात जास्त ताणला जातो. चाकांच्या नटांना ग्रीस लावू नका.

कुठला बोल्ट अडला असेल तर आजच स्प्रे मारून ठेवा आणि त्याचा फोटो या मेसेजला रिप्लाय करून पाठवा. सोबत यंत्र कोणतं आणि बोल्ट कुठला तेही लिहा.