थंड छटा : उन्हाळा की हिवाळा?

अंडरटोन : त्वचेतून जाणवणारी छटा. थंड म्हणजे गुलाबी-निळसर, उबदार म्हणजे पिवळसर-सोनेरी. गोरेपणाशी संबंध नाही. सावळी त्वचाही थंड छटेची असू शकते.

मूळ : बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवणारे स्विस चित्रकार योहानेस इटेन यांचा रंगविचार. कॅरोल जॅक्सन यांच्या ‘कलर मी ब्यूटिफुल’ (१९८०) या पुस्तकामुळे माणसाला शोभणारे रंग चार ऋतूंत वाटणारी पद्धत लोकप्रिय. बारा उपप्रकार नंतरचे.

थंड ऋतू दोनच
• उन्हाळा : केस, डोळे, त्वचा यांत फरक कमी. फिके, धुरकट रंग : लव्हेंडर, राखाडी-निळा, फिका गुलाबी. (हा युरोपातला उन्हाळा, आपला वैशाख नव्हे.)
• हिवाळा : फरक ठळक. पांढराशुभ्र, काळा, गडद निळा, राणी, पाचूचा हिरवा.
• दोघांनाही वर्ज्य : नारिंगी, मोहरी.

पारख : दिवसाउजेडी, मेकअप न करता, हनुवटीखाली वेगवेगळ्या रंगांचं कापड धरून.