अतिनील प्रकाशात चमकणारे सरपटणारे प्राणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरात मोहफुले वेचण्यासाठी किंवा तेंदूपाने तोडण्यासाठी अंधारातच बाहेर पडणाऱ्यांना वाटेवरचा साप वेळीच दिसणे हा जिवाचा प्रश्न असतो. म्हणूनच जांभळ्या उजेडाच्या टॉर्चमध्ये साप चमकतो, हा समज निरुपद्रवी म्हणता येत नाही.

या समजाचे मूळ विंचवात असावे. विंचवाच्या कवचातील काही द्रव्ये अतिनील किरण, म्हणजे जांभळ्या रंगापलीकडचे आणि मानवी डोळ्यांना न दिसणारे किरण, शोषून घेतात व ती ऊर्जा हिरवट-निळ्या दृश्य प्रकाशाच्या रूपाने तत्काळ बाहेर टाकतात. या क्रियेस अनुदीप्ती म्हणतात. नुकतीच कात टाकलेला मऊ विंचू फारसा चमकत नाही, कवच कडक होऊ लागले की चमक येते आणि मेलेला विंचूही चमकतो. काजव्याची जीवदीप्ती, म्हणजे रासायनिक क्रियेतून शरीरातच निर्माण होणारा प्रकाश, ही याहून अगदी वेगळी गोष्ट आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांत अनुदीप्ती आहे, पण ती सरसकट नाही. मादागास्करमधील शॅमेलिऑन सरड्यांच्या डोक्यावरील हाडांचे उंचवटे त्वचेच्या पातळ, पारदर्शक थरातून निळे चमकतात, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नामिब वाळवंटातील एका पालीच्या कुशीवरचे व डोळ्यांभोवतीचे पट्टे हिरवे चमकतात आणि तेथे हाडांचा नव्हे, तर त्वचेतील रंगपेशींचा संबंध असतो, हे २०२१ मध्ये. या चमकेचा उपयोग परस्परांना ओळखण्यासाठी होतो, असे अनुमान आहे. ते सिद्ध झाल्याचे सांगणे मात्र घाईचे ठरेल.

काही सापांच्या त्वचेतही मंद अनुदीप्ती आढळते, परंतु तिचा विषारीपणाशी संबंध जोडण्यास आधार नाही. शिवाय स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतात, त्यात दिसणारा जांभळा रंगही मिसळलेला असतो, आणि पोटाच्या पांढुरक्या खवल्यांवरून तो नुसता परावर्तित झाला तरी छायाचित्रात साप चमकल्याचा भास होतो.

अंथरूण-पांघरुणातला किंवा चपलेतला विंचू शोधण्यास अशी टॉर्च उपयोगी आहे. मण्यारीचे पांढरे पट्टे आणि घोणसाच्या अंगावरची साखळी दिसण्यासाठी मात्र साधी पांढऱ्या उजेडाची टॉर्चच जवळ बाळगावी.