पवनचक्कीभोवतीचे ५०० मीटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या की तेवढा समुद्र कंपनीचा झाला, आता तिथे होडी न्यायची नाही आणि जाळेही टाकायचे नाही, असे बंदराबंदरांत ठामपणे सांगितले जाते. दुसऱ्या बाजूला असाही समज असतो की, एवढ्या मोठ्या भांडवलाचा प्रकल्प म्हटल्यावर त्याच्याभोवती बंदी घालण्याचा हक्क कंपनीला मिळणारच. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यांतून होणारे नुकसान खरे आहे. मच्छीमार नको तिथे माघार घेतो आणि कंपनी नको तेवढे मागते.

समुद्रातील बांधकामांभोवतीच्या सुरक्षा क्षेत्राचे मूळ १९८२च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात आहे. त्याच्या ६०व्या कलमानुसार किनारी देशाला आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील बांधकामांभोवती ‘वाजवी’ सुरक्षा क्षेत्र आखता येते. बांधकामाच्या बाहेरच्या कडेपासून मोजून ते सर्वसाधारणपणे ५०० मीटरपेक्षा जास्त असू नये, त्याची रीतसर सूचना दिली जावी आणि आंतरराष्ट्रीय जलवाहतुकीला अत्यावश्यक असलेल्या मान्य मार्गांच्या आड ते येऊ नये, अशा अटी त्यात आहेत. म्हणजे ५०० मीटर ही कमाल मर्यादा आहे. प्रत्येक पवनचक्कीला तेवढे मिळालेच पाहिजे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. ही मर्यादा रोजच्या व्यवहारात कशी वापरतात, हे पाहायला ब्रिटनचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. तिथे याची कार्यपद्धती तपशीलवार लिहिलेली आहे आणि अनेक वर्षे वापरात आहे.

गैरसमज: प्रकल्पाला परवाना मिळाला की सुरक्षा क्षेत्र आपोआप मिळते.

हा समज तेल-वायूच्या फलाटांवरून आला असावा. ब्रिटनमध्ये पाण्याच्या वर डोके काढणाऱ्या तेल फलाटाला १९८७च्या पेट्रोलियम कायद्याने ५०० मीटरचे क्षेत्र आपोआप लागू होते. पवनचक्कीला तशी सवलत नाही. २००४च्या ऊर्जा कायद्याच्या ९५व्या कलमाखाली आणि २००७च्या नियमांनुसार कंपनीला वेगळा अर्ज करावा लागतो. इंग्लंडच्या समुद्रात १०० मेगावॉटपेक्षा मोठ्या प्रकल्पाच्या मुख्य परवान्याच्या अर्जासोबत आपण पुढे सुरक्षा क्षेत्र मागणार आहोत की नाही, याचे निवेदन जोडावे लागते. पण निवेदनाने क्षेत्र मिळत नाही. बांधकाम जवळ आले की अर्ज स्वतंत्रपणे मंत्र्यांकडे जातो. स्कॉटलंडच्या समुद्रासाठी तो तिथल्या सरकारकडे जातो.

या अर्जात काय असते, हे आपल्याकडच्या मच्छीमार सोसायट्यांनी नीट पाहण्यासारखे आहे. प्रत्येक बांधकामाची जागा अक्षांश-रेखांशांसह नकाशावर दाखवावी लागते. क्षेत्र किती मीटरचे, कोणत्या कामासाठी, कधीपासून कधीपर्यंत आणि त्यावर नजर कशी ठेवणार, हे सांगावे लागते. जहाजवाहतुकीच्या धोक्याचे मूल्यमापन जोडावे लागते. त्यासाठीचे मार्गदर्शन ब्रिटनच्या सागरी व तटरक्षक संस्थेने दिलेले आहे. त्यानुसार निदान २८ दिवसांचे वाहतूक सर्वेक्षण करावे लागते आणि त्यात ऋतूंप्रमाणे होणारा बदल यावा लागतो. हे सर्वेक्षण फक्त एआयएसवर, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेवर भागत नाही, रडार आणि प्रत्यक्ष निरीक्षणही लागते. ही अट मला फार मोलाची वाटते. छोट्या मासेमारी होड्यांवर बहुधा एआयएस नसतो, म्हणून केवळ एआयएसच्या नोंदींवरून काढलेल्या नकाशात त्या दिसतच नाहीत. जो नकाशात नाही, त्याचा विचार निर्णयात होत नाही.

अर्जाची जाहीर सूचना द्यावी लागते. सागरी व तटरक्षक संस्था, दीपगृहांची जबाबदारी असलेली ट्रिनिटी हाउस, जहाजमालकांची चेंबर ऑफ शिपिंग, शिडाच्या नौकांची रॉयल यॉटिंग असोसिएशन आणि मच्छीमारांच्या संघटना आपले म्हणणे मांडतात. हरकती आल्या तर सार्वजनिक चौकशी नेमण्याची तरतूदही कायद्यात आहे.

गैरसमज: ५०० मीटर म्हणजे सगळे पवनक्षेत्र बंद, तेही कायमचे.

इथे थोडे गणित करू. ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ०.७९ चौरस किलोमीटर भरते, तर ५० मीटर त्रिज्येचे बरोबर त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके. ब्रिटनचे २००७चे नियम या दोन आकड्यांभोवतीच फिरतात. बांधकाम, विस्तार, मोठी दुरुस्ती आणि शेवटी मोडतोड करून काढणे या कामांच्या काळात ५०० मीटर. एरवी, पवनचक्की चालू असताना, मागितलेच आणि मंजूर झालेच तर ५० मीटर. मोठी दुरुस्ती म्हणजे काय, हेही नियमांत सांगितले आहे. पाय टेकवून उभा राहणारा जॅक-अप फलाट, क्रेनची बार्ज किंवा तशी दुरुस्ती नौका पवनचक्कीला जोडावी किंवा शेजारी नांगरावी लागते, असे काम म्हणजे मोठी दुरुस्ती. तंत्रज्ञ छोट्या बोटीने आले, शिडी चढले आणि वंगण घालून गेले, तर तेवढ्यासाठी ५०० मीटर मिळत नाही.

बांधकामाच्या काळातही सगळे क्षेत्र एकाच वेळी बंद होत नाही. यॉर्कशरच्या किनाऱ्यापासून १२० किलोमीटरवर असलेल्या हॉर्नसी वन प्रकल्पाचे उदाहरण घ्या. त्याचे क्षेत्र सुमारे ४०७ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात १७४ पवनचक्क्या आहेत. सगळ्यांभोवती एकाच वेळी ५०० मीटर आखले असते तर जवळजवळ १४० चौरस किलोमीटर, म्हणजे एक-तृतीयांश पाणी बंद झाले असते. म्हणून रूढ पद्धत अशी आहे की, बांधकाम जहाज ज्या पवनचक्कीपाशी काम करत असेल, तिथेच ५०० मीटर लागू होतात. जहाज पुढच्या जागेवर गेले की वर्तुळही त्याच्याबरोबर सरकते. मागे राहिलेल्या अर्धवट बांधकामाभोवती ५० मीटर उरतात. रस्त्याचे काम पुढे सरकते तसे बॅरिकेड पुढे नेतात, तसेच हे. त्याच पवनक्षेत्रात सर्व १७४ ठिकाणी ५० मीटर लावले तरी बंद होणारे पाणी दीड चौरस किलोमीटरच्या आसपास भरेल.

आणि ५० मीटरसुद्धा सरसकट नसतात. ब्रिटनमधली अनेक पवनक्षेत्रे उभी राहिल्यावर कोणत्याही सुरक्षा क्षेत्राविना चालतात. तिथून जायचे की नाही, हा निर्णय तांडेलाचा असतो. तो सोपा नसतो. २००४ साली वेल्सच्या नॉर्थ हॉइल पवनक्षेत्रात झालेल्या चाचण्यांत पोलादी मनोऱ्यांमुळे रडारवर खोटे प्रतिबिंब उमटते, असे स्पष्ट दिसले होते. भरती-ओहोटीची ओढ, खांबाच्या बुडाशी खरवडली जाणारी वाळू, अंधार, धुके हे सगळे लक्षात घ्यावे लागते. शिडाच्या नौकांसाठी पात्याचे खालचे टोक मोठ्या भरतीच्या सरासरी पाणीपातळीपासून निदान २२ मीटर वर असावे, अशी अपेक्षा असते. जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरला मात्र जाण्याचा हक्क असून भागत नाही, त्याला फिरायला जागा लागते. हक्क कागदावर शाबूत आणि व्यवहारात मासेमारी अशक्य, ही तक्रार तिकडच्या मच्छीमारांनी वारंवार केली आहे. मला ती रास्त वाटते. पण त्या तक्रारीचे उत्तर पवनचक्क्यांमधले अंतर, केबल पुरण्याची खोली आणि भरपाई यांत शोधावे लागते. सुरक्षा क्षेत्राच्या अर्जाशी भांडून ते मिळणार नाही.

गैरसमज: जहाज येऊन आदळू नये, म्हणून हे क्षेत्र असते.

बारा नॉटच्या वेगाने जाणारे जहाज मिनिटाला ३७० मीटर कापते. ५०० मीटर ओलांडायला त्याला सुमारे ८० सेकंद लागतात, आणि भरलेले मोठे मालवाहू जहाज एवढ्या अंतरात थांबूच शकत नाही. नियंत्रण सुटलेल्या जहाजाला नकाशावरचे वर्तुळ अडवत नाही. २४ एप्रिल २०२३ रोजी ‘पेट्रा एल’ हे मालवाहू जहाज जर्मनीच्या गोडे विंड वन पवनक्षेत्रात घुसून पवनचक्कीवर आदळले आणि बाजूला मोठे भगदाड घेऊन एमडन बंदरात पोहोचले. ३१ जानेवारी २०२२च्या वादळात नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ ‘ज्युलिएटा डी’ दुसऱ्या जहाजावर आदळले. त्यावरच्या १८ जणांना हेलिकॉप्टरने उचलले गेले, आणि मग ते रिकामे जहाज वाऱ्याबरोबर वाहत बांधकाम चालू असलेल्या पवनक्षेत्रात जाऊन धडकले. असे अपघात टाळायचे तर वाहतुकीचे मार्ग दूर ठेवावे लागतात आणि ओढून नेणाऱ्या टग तयार ठेवाव्या लागतात.

मग सुरक्षा क्षेत्राचा उपयोग काय? क्रेनला शेकडो टनांचा भार लटकत असताना, खाली पाणबुडे असताना, माणसे शिडीवर असताना जवळून गेलेल्या बोटीच्या लाटेनेही जीव जाऊ शकतो. ती मोकळी जागा त्या माणसांसाठी असते. जवळून जाणाऱ्या होडीवर काही कोसळू नये, हाही हेतू असतो.

बंदी बाहेरच्यांवर असते, धोका मात्र अनेकदा आतल्या नौकेचा असतो. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी इंग्लंडच्या शेरिंगहॅम शोल पवनक्षेत्रात ‘आयलंड पँथर’ ही कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी बोटच पवनचक्कीवर आदळली. आपल्याकडची आठवण याहून फार भीषण आहे. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायमध्ये जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी फलाटावर घेऊन आलेले ‘समुद्र सुरक्षा’ हे मदतनौकेचे काम करणारे जहाज वायुवाहिनीवर आदळले. आग लागली, काही तासांत फलाट नाहीसा झाला आणि २२ जण गेले. ते जहाज परवानगीनेच त्या क्षेत्रात होते. म्हणून अर्ज वाचताना बाहेर कोणाला ठेवणार, याच्याइतकेच आत कोणाला कोणत्या हवामानात येऊ देणार, हे विचारले पाहिजे.

गैरसमज: समुद्रतळावरच्या केबललाही हेच संरक्षण असते.

नाही. ब्रिटनच्या कायद्यातले क्षेत्र बांधकामाभोवती असते, किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या वीजवाहिनीला ते मिळत नाही. केबल टाकणारे जहाज ‘इतके दूर राहा’ अशी विनंती रेडिओवरून करते, ती सल्ला म्हणून असते. पण त्या जहाजाला हवे तसे वळता येत नाही. ते गोळा, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण, गोळा असे एकाखाली एक लावते, आणि टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याला वाट द्यावीच लागते.

गैरसमज: घुसखोरी केली की पहारा देणारी बोट पकडते.

पहारा नौका ही पुष्कळदा भाड्याने घेतलेली मासेमारी बोटच असते. ती रेडिओवर सावध करते आणि नोंद ठेवते, तिला अटकेचा अधिकार नसतो. त्या नोंदींवरून पुढे खटला होऊ शकतो, आणि दोषी ठरल्यास दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र जीव वाचवण्यासाठी, वादळाच्या तडाख्यामुळे किंवा बोट संकटात असल्यामुळे आत शिरावे लागले तर तो गुन्हा होत नाही. उत्तर समुद्रातल्या जहाजांवर काम करणाऱ्या मराठी खलाशांनी हे पक्के लक्षात ठेवावे.

सगळ्या देशांत ब्रिटनसारखेच आहे, असेही समजू नका. नेदरलँड्सने आधी पवनक्षेत्रे बंद ठेवली होती. १ मे २०१८पासून तिथल्या काही क्षेत्रांतून २४ मीटरपर्यंतच्या नौकांना दिवसाउजेडी जायला मोकळीक मिळाली. अट अशी की पवनचक्कीपासून ५० आणि वीजकेंद्राच्या फलाटापासून ५०० मीटर दूर राहायचे, आणि तळ खरवडणारे जाळे टाकायचे नाही.

भारताच्या समुद्रात असे पवनक्षेत्र अजून उभे राहिलेले नाही. २०१५ साली राष्ट्रीय धोरण आले, २०२३ साली समुद्रतळ भाड्याने देण्याचे नियम आले आणि जून २०२४मध्ये केंद्र सरकारने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातून गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉटचे प्रकल्प उभारायचे आहेत. गुजरातचा पट्टा खंभातच्या आखाताच्या तोंडाशी आहे, डहाणू-सातपाटीपासून फार दूर नाही. त्यामुळे आपल्या सोसायट्यांनी पहिल्या बैठकीपासूनच स्पष्ट विचारावे: क्षेत्र कोणत्या कामापुरते, कोणत्या तारखेपर्यंत, काम पुढे सरकल्यावर मागचे पाणी कधी मोकळे होणार, आणि वाहतुकीच्या सर्वेक्षणात आमच्या एआयएस नसलेल्या होड्या कोणी मोजल्या. उत्तर तोंडी घेऊ नका, अक्षांश-रेखांशांचा नकाशा मागा आणि हरकतीची मुदत संपण्याआधी तो आपल्या तांडेलांपुढे ठेवा.