पावसाळ्यातली शिवथर घळ

सभासद बंधूंनो, आडसाली लागणीची घाई उरकली की सहलीला कुठं जावं, असं बरेचजण विचारतात. आम्ही महाड तालुक्यातली शिवथर घळ सुचवतो. गर्द झाडीत कोसळणारा धबधबा आणि त्याला लागूनच कातळातली घळ. समर्थांनी दासबोध इथंच लिहिला, असं मानतात. पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही!

पण धबधब्याखाली उतरू नका. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, की पोराबाळांना घेऊन लगेच काठ सोडावा. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला हे आम्ही काय सांगावं! भोरकडून जाणाऱ्यांनी वरंधा घाट चालू असल्याची चौकशी करूनच निघावं. पावसात तो बऱ्याचदा बंद ठेवतात.